तिसऱ्या खांबापलीकडे

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत वैजयंती खडसे आणि निता राठोड या दोघी रोज दुपारी साडेचारला टीव्हीपुढे बसत. गल्लीतल्या बायकांना वाटे, मालिका बघतात. त्या बघत असत व्हिएन्नातला एक चौक.

याची सुरुवात झाली लॉकडाऊनमध्ये. नितानं नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेला तिचा मुलगा पवन तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा. वैजयंती मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची, आणि शाळा बंद असल्यामुळे मोबाईलवरून सरगम शिकवण्याचा तिचा खटाटोप चालू होता. तो जमवून द्यायला पवन आला आणि जाता जाता म्हणाला, "मावशी, एक गंमत पाहा." त्यानं टीव्हीवर लंडनमधला एक रस्ता लावला. साधे पांढरे पट्टे होते, माणसं पलीकडे जात होती. पण तिथूनच कधीकाळी चार नामांकित गायक एका ओळीत चालत गेले होते आणि त्यांचा फोटो जगभर झाला होता. आता जो तो मध्येच थांबून तसाच फोटो काढून घेत होता. हे रेकॉर्ड केलेलं नाही, आत्ता या घडीला चाललंय, असं पवननं सांगितलं तेव्हा वैजयंती खुर्ची ओढून टीव्हीच्या जवळ जाऊन बसली.

तिचा नवरा इंद्रभान पलंगावरून पाहत होता. तो एसटीत ड्रायव्हर होता. आदल्याच वर्षी पॅरालिसिसचा झटका येऊन त्याची उजवी बाजू गेली होती. तो बराच वेळ बघून म्हणाला, "हे लोक फोटो काढून राह्यले आणि तो बसवाला गुपचूप उभा हाय. आपल्या इथं असतं त मी हॉर्नवरून हात काढला नसता."

तो झटक्यानंतर पहिल्यांदाच एवढं सलग बोलला होता. म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच लावलं. मग पवननं आणखी शोधून दिलं. सकाळी चहाच्या वेळी अमेरिकेतला न्यू ऑर्लिन्सचा रस्ता लागायचा. तिथं तेव्हा रात्र असायची आणि कोपऱ्यावर एक जाडा माणूस गाल फुगवून ट्रम्पेट वाजवायचा. दुपारी व्हिएन्ना. तिथल्या टाऊन हॉलपुढच्या चौकात उन्हाळ्यात मोठा पडदा उभारतात, खुर्च्यांच्या रांगा मांडतात आणि गाण्याबजावण्याचे कार्यक्रम दाखवतात. येईल त्याला मोफत. पडदा अंधार पडल्यावर सुरू होई, तेव्हा इकडे सगळे झोपलेले असत. पण या दोघींना खुर्च्या मांडताना बघायलाही आवडे.

चौकात वर बसवलेल्या त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता. दोघी गाण्याच्या जागा बघत आणि गाणं ऐकू येत नसे. चौकात एखादा अ‍ॅकॉर्डियनवाला उभा राहिला की वैजयंती त्याच्या पायाकडे बघून स्टुलावर बोटांनी ठेका धरायची. "सहा मात्रा," ती म्हणायची. "दादऱ्याच्या अंगानं चाललाय." निता मान डोलवायची. तिला मात्रेतलं काही कळत नव्हतं, पण वैजयंतीला कळतं याचा तिला अभिमान होता.

निता शेजारीण. आसेगावच्या दवाखान्यात नर्स होती. इंद्रभानला झटका आला तेव्हा कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळं तिनं शिकवलं. रिटायर झाल्यावरही रोज संध्याकाळी बीपी बघायला यायची. इंद्रभान पुढे काठी धरून न्हाणीपर्यंत चालू लागला. तरी वैजयंती अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर राहिली की त्याला धाप लागायची, घाम फुटायचा. वैजयंतीला मूलबाळ नव्हतं. सहा वर्षांत ती वाशीमच्या पलीकडे गेली नव्हती. शाळा पुन्हा उघडली तेव्हा तिनं नोकरी सोडली. अकोल्याला चुलतबहिणीचं लग्न होतं, तेही सोडलं.

एकदा चौकात खुर्च्या मांडणारे लोक बघताना नितानं आपणहून म्हटलं होतं, "वैजू, जाऊ त दोघी जाऊ. तुले जमत नसन त मले बी नाही जायाचं."

वैजयंतीनं हे मागितलं नव्हतं. पण मिळालं म्हणून तिनं जपून ठेवलं. चार भिंतींत दिवस काढताना, आपल्यासाठी कोणीतरी स्वतःचं जाणं अडवून धरलंय, याचा तिला केवढा आधार होता हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या चौकाचा कोपरा न् कोपरा दोघींना पाठ झाला होता. डावीकडे खाण्याची दुकानं, मधलं कारंजं, उजव्या कडेला दिव्यांचे तीन खांब आणि तिसऱ्याच्या अलीकडे झाडाच्या फांदीआडचा बाक. तिसऱ्या खांबापलीकडे कॅमेरा पोचत नव्हता. तिकडे गेलेला माणूस चित्रातून गळून पडायचा. निता म्हणायची, "गेला आपला माणूस खांबापलीकडे."

यंदा मे महिन्यात पवनची बदली झाली. निता म्हणाली, हैदराबादला. जुलै लागता लागता ती म्हणाली, महिनाभर पोराकडे राहून येईन, हॉटेलचं खाऊन पोट बिघडलंय त्याचं. निघायच्या दिवशी बॅग घेऊन ती दारात उभी राहिली.

"चौकात खुर्च्या लागायची वेळ झाली," वैजयंती म्हणाली. "तू नसशील यंदा."

"तू पाहत जाजो ना. मले मेसेज टाकजो, काय काय झालं त."

वैजयंतीनं रोज मेसेज टाकले. पडद्याचा सांगाडा उभा राहिला. खुर्च्या आल्या, निळ्या आहेत. अ‍ॅकॉर्डियनवाला आला नाही, एक पोरगी व्हायोलिन घेऊन आली. निता कधी अंगठा पाठवायची, कधी हात जोडलेले. हैदराबादबद्दल तिनं एका अक्षरानं काही लिहिलं नाही, पण ते वैजयंतीच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

तो गुरुवार होता. इंद्रभानला खुर्चीत बसवून तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि टीव्ही लावला. तिथं दुपारचा एक वाजून गेला होता. ऊन स्वच्छ होतं, खाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होती. उजव्या कडेनं एक उंच मुलगा चित्रात आला आणि चालता चालता मागे बघून कोणाला तरी बोलावू लागला. हात खांद्यापासून फिरवून, जसं शेतातून कोणाला हाक मारावी तसं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पवन असाच हात फिरवायचा.

वैजयंती हसली. सारखी दिसतात माणसं, तिला वाटलं.

मुलगा तिसऱ्या खांबापलीकडे गेला आणि एका बाईचा हात धरून तिला ओढतच परत आला. बाई ठेंगणी, सलवार-कमीज, वर स्वेटर, पायात पांढरे बूट. मुलानं तिचा खांदा धरून तिला वळवलं आणि वर बोट केलं. सरळ कॅमेऱ्याकडे. मग तो दोन्ही हात वर करून हलवू लागला. तोंड उघडं होतं, काहीतरी ओरडत होता. आवाज नव्हता, पण 'मावशी' म्हणताना ओठ कसे होतात हे वैजयंतीला दिसल्यासारखं झालं.

बाईनं हात सोडवून घेतला. ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, पाठ फिरवली आणि भरभर तिसऱ्या खांबाकडे निघाली. डावा पाय टाकताना ती जरा लचकत होती. निताचा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता, आणि त्याला लावायचं तेल वैजयंतीच उकळून देत होती.

खांबाच्या अलीकडे तो झाडाखालचा बाक होता. गुडघ्यावर हात ठेवून बाई त्यावर बसली. तिला वाटलं असावं, झाडाच्या फांदीआड आपण दिसत नाही. फांदी यंदा छाटली होती. वैजयंतीनं तसा मेसेजही टाकला होता.

वैजयंतीनं मोबाईल उचलला आणि निताला फोन लावला. रिंग जात राहिली, जात राहिली आणि बंद झाली. टीव्हीवरची बाई नुसती बसली होती. वैजयंतीला क्षणभर हायसं वाटलं. ती नाहीच. मग तिला आठवलं, पवननं सांगितलं होतं, चित्र अर्धं मिनिट मागे असतं.

ती उभी राहून बघत राहिली. टीव्हीवरच्या बाईनं पर्स उघडली. फोन काढला. त्याच्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग तो पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

"बंद कर ते," मागून इंद्रभान म्हणाला. "डोळे दुखून राह्यले माहे."

वैजयंतीनं टीव्ही बंद केला. अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढून आणले, घड्या घातल्या. संध्याकाळी सातला मेसेज आला. 'पवन आफिसात गेला होता, मी झोपली होती. तब्येत बरी आहे ना भाऊजींची?'

तिनं उत्तर लिहिलं, 'बरी आहे.'

त्यानंतर अठरा दिवस गेले. त्या दिवसांत वैजयंतीनं स्वतःला पुष्कळ समजावलं. आई मुलाकडे गेली, त्यात काय चुकलं? आपल्यामुळे तिनं जन्मभर इथंच बसावं काय? हे पटायचं. पण मग ती पर्स आठवायची. जाण्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. कॅमेरा कुठवर बघतो हे नितानं तिच्याच शेजारी बसून शिकून घेतलं होतं, आणि त्याचा उपयोग तिच्यापासूनच लपायला केला होता. रोज मेसेज टाकून आपण तिला काय सांगत होतो? खुर्च्या निळ्या आहेत. ती त्याच खुर्च्यांत बसत होती. हे आठवलं की पोळी लाटतानाही वैजयंतीच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या.

निता परत आली ती सोमवारी दुपारी. सरळ वैजयंतीकडेच आली. रंग जरा उजळला होता. तिनं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून स्टुलावर ठेवला.

"हैदराबादचे हाय. चहासंगं चांगले लागते."

वैजयंतीनं पाणी दिलं. "गरमी होती काय तिथं?"

"होती ना. पण पवनच्या खोलीत एसी हाय."

"फिरली कोठी?"

"चारमिनार पाह्यला. बाकी माह्या गुडघ्यानं काय फिरू देते?"

वैजयंती समोर बसली. तिनं ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं, आणि ती शांतपणेच बोलली. "मी फोन केला तवा तू पर्स उघडली. फोन काढला, पाह्यला, आणि परत ठेवला. त्या बाकावरची फांदी छाटली म्हणून मी तुले लिहिलं होतं, निता. तू वाचलं नाही वाटते."

नितानं पाण्याचा पेला खाली ठेवला. आतल्या खोलीत इंद्रभानचा पलंग होता. दार उघडं होतं. निताची नजर एकदा त्या दाराकडे गेली आणि परत आली.

"पवनले वाटलं तुले माहीत हाय," ती हळू म्हणाली. "मी त्याले सांगतलं होतं, मावशीले जमत नाही म्हणते. तो मले म्हणे, मावशी आता टीव्हीपुढं असन, हात हलव. माह्या जिवाचं पाणी झालं."

"मले जमत नाही, हे तुले कोण सांगतलं?"

निता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मले कोणी विचारलंच नाही त जमत नाही कसं म्हणीन मी?"

"मी विचारायलेच आली होती," निता म्हणाली, आणि मग एकदम सगळं बोलून गेली. "एप्रिलमंधी. तू बँकेत गेली होती. पवनची बदली व्हिएन्नालेच होणार होती. तो दोघींच्या तिकिटाचं करणार होता, तुह्या पासपोर्टाचं बी तोच पाहणार होता. आसेगावची शाहजादी सिस्टर आहे ना माह्यासंगं होती ती, ती पंधरा दिवस इथी येऊन राहाले तयार होती. मी आधी तिले पक्कं केलं, मंग आली. भाऊजी जागे होते. मी त्यायले सांगतलं. मले वाटलं खुश होतीन." ती थांबली. "त्यायनं माहा हात धरला. म्हणे, तिच्या कानावर घालू नोको. शपथ घेतली माह्याकडून. रडले, वैजू."

वैजयंती स्टुलावरच्या डब्याकडे बघत होती. त्यावर चारमिनारचं चित्र होतं. तो तिनं येताना वाटेत मुद्दाम घेतला असणार.

"आणि तू शपथ घेतली."

"बिमार माणूस. बीपी वाढलं असतं."

"आणि मंग तू एकटी गेली."

"पोरगा बलावत होता," निता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माही बी इच्छा होती. खोटं कायले बोलू? पाच वर्षं मी बी तेच पाहत होती ना तुह्यासंगं. तुले सांगून जातो म्हणलं त तू विचारलं असतं, मले काहून नाही नेलं? मंग मी काय सांगतलं असतं?"

"मी नाही म्हणलं असतं कदाचित," वैजयंती म्हणाली. "यायले टाकून माहा पाय निघाला नसता. पण ते मी म्हणलं असतं. तुमी दोघायनं माह्या घरात बसून माहं ठरवून टाकलं आणि एप्रिलपासून तू रोज इथी येऊन माह्यासंगं तो चौक पाहत होती."

निता उठली. जाताना डबा घेऊन जावा की ठेवावा हे तिला कळेना. शेवटी ठेवून गेली.

वैजयंती आत गेली. इंद्रभान भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण झोपलेला नव्हता. त्याची डावी मूठ चादरीवर आवळलेली होती. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"त्या दिवशी तुमच्या डोळ्यायले काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "तुमी बी ओळखलं तिले."

त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"मले काहून सांगतलं नाही?"

भिंतीकडेच बघत तो म्हणाला, "तू गेली असती."

"मंग?"

"मंग काही नाही. तू गेली असती."

आणि तो रडू लागला. झटक्यानंतर त्याला रडू लवकर यायचं. पहिल्या वर्षी तो रडला की वैजयंती त्याचं डोकं मांडीवर घ्यायची. आज ती जागची हलली नाही. सव्वीस वर्षं हा माणूस गाडी घेऊन पुणे, नागपूर, हैदराबाद करत होता. गावोगावच्या मुक्कामांच्या गोष्टी त्यानं सांगितल्या होत्या आणि तिनं दारात बसून ऐकल्या होत्या. त्या काळात तिनं त्याला एकदाही अडवलं नव्हतं. तिच्या मनात आलं, हे बोलून दाखवावं. पण त्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, नाक वाहत होतं. तिनं टॉवेल उचलून त्याच्या डाव्या हाताजवळ ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

गोळ्या वेळेवर दिल्या गेल्या. जेवण, आंघोळ, मालिश, काहीच चुकलं नाही. निता तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी बीपीचं मशीन घेऊन आली, कारण ते दुसरं कोणी बघणारं नव्हतं. पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा सांगितला. वैजयंतीनं तो वहीत लिहिला. पूर्वी यानंतर चहा व्हायचा. निता दोन मिनिटं उभी राहिली आणि गेली. टीव्हीवर आता इंद्रभान बातम्या बघायचा.

नोव्हेंबरमध्ये वैजयंतीनं स्वतः आसेगावला फोन लावला. शाहजादी सिस्टरला आधी वाटलं, व्हिएन्नाचंच बोलणं आहे. "नाही," वैजयंती म्हणाली. "पुण्यात तीन दिवस गाण्याची मैफल आहे. पाच दिवसांसाठी येता काय?" सिस्टर म्हणाली, "येते ना बाई. तवा बी मी तयारच होते."

वैजयंतीनं तिकीट काढलं. घरात कोणाला काही सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी इंद्रभानची पाठ पुसताना ती म्हणाली, "उद्या मी पुण्याले जाऊन राह्यली. शाहजादी सिस्टर येतीन सकाळी."

त्याची पाठ ताठ झाली. "मले विचारलं नाही."

"नाही विचारलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बॅग घेऊन निघाली तेव्हा निता आपल्या फाटकाशी उभी होती. शाहजादी सिस्टरकडून तिला कळलं असणार. तिनं शाल अंगावर घेतली होती, पायात व्हिएन्नातले पांढरे बूट होते.

"मी येऊ काय संगं?" तिनं विचारलं. "गाडीत जागा असन."

वैजयंती थांबली. निताचा चेहरा उतरला होता. गेल्या चार महिन्यांत ती म्हातारी दिसू लागली होती. हिच्याइतकं आपल्याला दुसऱ्या कोणी जपलं नाही, हे वैजयंतीला त्याही वेळी ठाऊक होतं.

"नोको," ती म्हणाली. "यायचं बीपी पाहजो."

पुण्यात ती एका लॉजवर उतरली. तीन दिवस मैदानात मांडवाखाली खुर्चीवर बसून तिनं गाणं ऐकलं. पहिल्या दिवशी तंबोरे जुळत असतानाच तिला भरून आलं आणि शेजारच्या अनोळखी बाईनं तिला रुमाल दिला. एवढा आवाज, एवढ्या जवळून, तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. मध्यंतरात लोक गटागटानं चहाला जात, कोणत्या तानेत काय झालं यावर वाद घालत. ती एकटीच रांगेत उभी राहून चहा घ्यायची आणि परत येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी एक गायक समेवर असा काही आला की तिचा हात आपोआप शेजारच्या खुर्चीकडे गेला. तिथं एका माणसाचं हेल्मेट ठेवलेलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ती घरी पोचली. इंद्रभान दाढी केलेला, धुतलेला शर्ट घालून खुर्चीत बसला होता. शाहजादी सिस्टर म्हणाली, पहिल्या दिवशी घाबरले, मग नीट राहिले, काल तर काठी घेऊन फाटकापर्यंत गेले. वैजयंतीनं मान हलवली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या मनात एवढंच आलं की तो हे आधीही करू शकला असता.

"कसं झालं गाणं?" इंद्रभाननं विचारलं. त्याला खरोखर ऐकायचं होतं. निता दारात मशीन घेऊन उभी होती, तीही थांबली.

वैजयंतीनं बॅग खाली ठेवली, चपला काढल्या. "चांगलं झालं," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेली.